तीन वर्षांच्या मुलासाठी एक खोली

मुंबईच्या उपनगरांत शाळा जूनमध्ये उघडतात, पण नर्सरीच्या प्रवेशाची धावपळ आदल्या दिवाळीच्या आगेमागेच सुरू होते. मुलुंडला आमच्या इमारतीखालच्या बाकावर संध्याकाळी बसलं की हाच विषय कानावर येतो. कोणत्या शाळेचे फॉर्म निघाले, कुठे नर्सरीपासून घातलं तरच पुढे पहिलीला जागा मिळते, फी किती हप्त्यांत भरता येते, व्हॅन कुठवर येते. ज्याच्याविषयी हे सगळं चाललेलं असतं, ते मूल तिथेच आईच्या ओढणीचं टोक धरून उभं असतं. त्याला काय हवंय, हे फारसं कुणी विचारत नाही.

मी नोकरीची सगळी वर्षं तीन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये घालवली. घाटकोपर पश्चिमेला असल्फ्याच्या डोंगरावरच्या वस्तीत बालवाडी चालवली. निवृत्तीनंतर आता नातीच्या निमित्ताने टॉवरच्या तळमजल्यावरची बालशाळाही जवळून बघते आहे. या दोन्ही ठिकाणच्या मुलांसाठी माझं मागणं एकच आहे: घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक मोकळी खोली, आणि त्या खोलीत शिकलेली, पुरेसा पगार मिळणारी ताई. पाठ्यपुस्तक, गणवेश, स्मार्ट बोर्ड, इंग्रजीचं माध्यम या सगळ्यांचा विचार त्यानंतर करू.

आमची बालवाडी चाळ कमिटीच्या खोलीत भरायची. मुख्य रस्त्यावरून वर जायला अरुंद जिना, दोन्ही अंगांना घरं, मधून वाहणारं गटार. खोलीच्या एका भिंतीला गणपती मंडळाचे बांबू आणि कनाती रचलेल्या असत. उरलेल्या जागेत आमची सतरंजी. गणपतीच्या दिवसांत खोली सोडावी लागे, मग कुणाच्या तरी घरात वर्ग भरे. जुलैत पाऊस झोडपायला लागला की डोंगर खचण्याच्या भीतीने आया मुलांना घरीच ठेवत. बहुतेक जणी पंतनगर, गरोडिया नगरच्या इमारतींत स्वयंपाकाची आणि धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या, काही साकीनाक्याच्या गाळ्यांत पॅकिंगला जाणाऱ्या. मुलांच्या तोंडी मराठी, भोजपुरी, उर्दू, तमिळ. एवढ्या सगळ्या मुलांना एकत्र बसता येईल अशी त्या वस्तीतली ती एकच जागा होती, आणि म्हणून तिचं मोल मला फार मोठं वाटतं.

बालवाडीत मुलं नुसती खेळतात, शिकत काहीच नाहीत, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. म्हणून तिथे काय चालतं ते नीट सांगायला हवं. मुलं आली की चपला काढून ओळीत लावायच्या. डावी-उजवी ओळखून जोडी जुळवणं हे तीन वर्षांच्या मुलाचं पहिलं गणित. मग परातीत राजमा, काबुली चणे आणि चवळी एकत्र करून द्यायची. मुलांनी ती वेगवेगळ्या वाट्यांत निवडायची, आधी रंगावरून, मग आकारावरून. कोणत्या वाटीत जास्त आणि कोणत्या वाटीत कमी हे मुलं सुरुवातीला नजरेने सांगतात, काही महिन्यांनी मोजून सांगतात. मोठ्या भोकाचे मणी जाड दोऱ्यात ओवायचे, जुनी वर्तमानपत्रं फाडायची, कणकेचे गोळे वळायचे, ओल्या फडक्याने फरशी पुसून ते फडकं पिळायचं. या प्रत्येक कामात बोटं आणि मनगट तयार होत असतात. पुढे पेन्सिल धरायला लागणारं बळ इथून येतं.

मग गोष्ट. एकच गोष्ट आठवडाभर सांगायची. पहिल्या दिवशी मुलं नुसती ऐकतात. दुसऱ्या दिवशी पुढे काय होणार ते आधीच सांगतात. तिसऱ्या दिवशी ताईने काही वेगळं सांगितलं तर तिला अडवतात. आठवडा संपता संपता एखादं मूल पुढे येऊन सगळी गोष्ट आपल्या शब्दांत सांगतं. आधी काय घडलं, मग काय घडलं, ते का घडलं, हे क्रमाने सांगता येणं ही वाचनाची खरी तयारी आहे, आणि ती एकही अक्षर न गिरवता होते. खाऊच्या वेळी हात धुवायला रांगेत उभं राहायचं, शेजारच्याची वाटी भरेपर्यंत आपण सुरू करायचं नाही. घरी एकटं वाढणाऱ्या मुलाला हे थांबणं सगळ्यात अवघड जातं. बालवाडीत ते कुणी न रागावता शिकवलं जातं, कारण सगळेच थांबलेले असतात.

एक मुलगा मला नेहमी आठवतो. घरात भोजपुरी, गल्लीत हिंदी, बालवाडीत मराठी. अख्खा पावसाळा तो एक शब्द बोलला नाही. कोपऱ्यातल्या बांबूंना टेकून बसायचा आणि सगळ्यांकडे बघायचा. मी त्याच्या आईला कामावरून येताना जरा वेळ थांबायची विनंती केली. ती थांबू लागली, तिच्या गावाकडची मुलांची गाणी तिने आमच्या सतरंजीवर बसून म्हटली. मराठी मुलांनी ती उचलली. नवरात्राच्या सुमारास हा मुलगा उठून मधोमध आला आणि बाकीच्यांना शब्द चुकल्याबद्दल दटावू लागला. तिथून पुढे तो जो बोलायला लागला तो थांबला नाही. वर्षअखेरीला मराठीत भांडतही होता. त्याच्या भाषेला आधी खोलीत जागा मिळाली, मग त्याने आमची भाषा आपलीशी केली. तीन वर्षांच्या मुलाला दुसरी भाषा अशीच येते.

या खोलीचा आणखी एक उपयोग आहे, तो बालवाडीच्या हजेरीपटावर कधीच दिसत नाही. आई कामाला गेली की धाकट्या भावंडाला कुणी सांभाळायचं, याचं उत्तर आमच्या वस्तीत ठरलेलं असे: मोठ्या बहिणीने. दुसरी-तिसरीतल्या मुली त्यामुळे शाळा बुडवत. धाकटं बालवाडीत येऊ लागलं की थोरली पुन्हा वर्गात दिसू लागे. महापालिका शाळेतल्या बाई मला मुद्दाम भेटून सांगत, अमकीची हजेरी सुधारली. एका तीन वर्षांच्या मुलाला जागा मिळाली की दोन मुलं शिकतात, हे मी पुनःपुन्हा पाहिलं आहे.

आता मुलुंडची बाजू. नातीची नर्सरी एका इमारतीच्या तळमजल्यावर, दुकानांच्या रांगेतल्या दोन गाळ्यांत आहे. वातानुकूलित, स्वच्छ, भिंतींवर रंगीत प्राणी. शिक्षिका मनापासून काम करणाऱ्या आहेत. पण बाहेर पाय ठेवला की पार्किंग आणि रस्ता. धावायला, उकरायला, पाण्यात हात घालायला तिथे काही नाही. जागा नसल्यामुळे मुलं बसून राहतात, आणि बसलेल्या मुलांना देण्यासारखी सोपी गोष्ट म्हणजे वर्कबुक. तीन वर्षांची पोर ठिपक्यांवरून उभ्या रेघा, मग आडव्या रेघा, मग ए, बी, सी गिरवते. घरी गृहपाठ येतो. पेन्सिल मुठीत आवळून धरलेली, दाबून दाबून कागद फाटलेला. मनगटाची हाडं या वयात पुरती घडलेलीही नसतात. जे सहाव्या वर्षी थोड्या दिवसांत सहज येईल, त्यासाठी तिसऱ्या वर्षी महिनोन्महिने रडारड होते आणि मूल वहीलाच घाबरायला लागतं.

हे काही आज कळलेलं नाही. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३मध्ये ओझ्याविना शिक्षणाबद्दलचा अहवाल दिला, तेव्हाच नर्सरी प्रवेशासाठी परीक्षा आणि मुलाखती घेऊ नयेत, अशा संस्था उघडण्यावर आणि चालवण्यावर नियमन असावं, असं त्यांनी लिहिलं होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या १३व्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यावर बंदी घातली. फिनलंडसारखा देश औपचारिक शाळा सातव्या वर्षी सुरू करतो, तोवर मुलं खेळतात. आपल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२०मध्ये तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळ व कृती यांना मध्यभागी ठेवलं. कागदावर आपण सगळं शहाणपणाचं लिहून ठेवलं आहे. उपनगरातल्या गाळ्यापर्यंत ते पोचायचं आहे.

पालकांना मी दोष देणार नाही. असल्फ्यातल्या आयाही मला विचारत, ‘ताई, एबीसीडी कधी शिकवणार?’ चार घरची भांडी घासून महिन्याची फी बाजूला काढणारी बाई मुलाने आपल्यासारखं जगू नये म्हणून इंग्रजी मागते. तिची आशा खरी आहे आणि तिला तिच्या पैशाचं चीज हवं आहे. मी तिला एवढंच सांगत असे, की मुलाला आधी तुझ्या भाषेत भरभरून बोलू दे. ज्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे, तो ते पुढे इंग्रजीतही सांगेल. इंग्रजी गाणी, इंग्रजी चित्रांची पुस्तकं बालवाडीत जरूर असावीत. पण ज्या भाषेत मूल भूक लागली म्हणून सांगतं आणि भीती वाटली म्हणून रडतं, ती भाषा दाराबाहेर ठेवून शिकवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पालकांना हे पटतं, फक्त त्यांच्याशी वेळ काढून बोलणारं कुणी लागतं. ते बोलणं ताईनेच करायचं असतं.

महाराष्ट्राला तर या बाबतीत बाहेरून शिकायची गरजच पडू नये. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडकांनी भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं. १९२६मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, १९३६मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. माँटेसरी पद्धत त्यांनी मनापासून स्वीकारली होती. पण तिची महागडी साधनं गरिबाच्या मुलाला परवडणार नाहीत, हेही त्यांनी ओळखलं. १९४५मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तिथे शिंपले, गोटे, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. आणि वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच उचलून मुलांच्या दारात नेली. पुढे १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शिकवण्याची पद्धत, साधनं, मुलांचं मानसशास्त्र या सगळ्यावर त्यांनी विचार केला. पण त्यांचं सगळ्यात धाडसी पाऊल मला अंतराबद्दलचं वाटतं. लहान मुलाने शिक्षणापाशी जायचं नसतं, शिक्षणाने त्याच्यापाशी यायचं असतं, हे त्यांनी करून दाखवलं.

सरकारने हा विचार उचलला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. मुंबईत बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेसचं काम १९७२पासून चालू आहे. १९९०च्या दशकात ‘प्रथम’ या संस्थेने इथल्या वस्त्यांत बालवाड्या भरवल्या, देवळात, समाजमंदिरात, कुणाच्या घराच्या पुढच्या खोलीत. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली ताई झाल्या. महापालिकेच्या शाळांतही बालवाड्या आहेत. म्हणजे आपल्याला हे करता येतं. करून झालेलं आहे.

अडलं कुठे, तर ताईच्या पगारापाशी आणि खोलीपाशी. अंगणवाडी सेविकेकडून आपण काय काय मागतो ते बघा. मुलांची वजनं घ्यायची, पोषण आहार द्यायचा, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवायच्या, लसीकरणाला मदत करायची, मोबाइलमध्ये पोषण ट्रॅकर भरायचा, सर्वेक्षणं करायची. आणि यातून वेळ उरला तर मुलांना शिकवायचं. या बदल्यात केंद्राने २०१८मध्ये तिचं मानधन वाढवलं ते ३,००० वरून ४,५०० रुपये महिना. राज्य सरकार त्यात आपली भर घालतं, तीही अलीकडे वाढली आहे, पण नाव अजून मानधनच. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, आणि बालशिक्षणाचं कायद्याने सांगितलेलं काम त्या करतात हेही नोंदवलं. तरी डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्रातल्या सेविकांना ऐन थंडीत संपावर बसावं लागलं. महापालिकेच्या बालवाडीतल्या ताईलाही मानधनच मिळतं. जी बाई दर वर्षी आपली नोकरी राहील की नाही या चिंतेत असते, तिच्याकडून आपण तीस मुलांना निर्धास्त ठेवण्याची अपेक्षा करतो.

चांगल्या ताईवर केलेला खर्च वाया जात नाही, याचा जगात सगळ्यात जास्त अभ्यासलेला दाखला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या यप्सिलँटी गावचा आहे. १९६२पासून तिथल्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांचे दोन गट केले. एका गटाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी उत्तम बालशाळा मिळाली, दुसऱ्याला नाही. ही मुलं चाळिशीला पोचेपर्यंत संशोधक त्यांच्या मागावर राहिले. बालशाळेत गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शालेय शिक्षण पूर्ण केलं, त्यांची कमाई जास्त होती, तुरुंगाची पायरी कमी जणांना चढावी लागली. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे जेम्स हेकमन यांनी याच मुलांच्या आकडेवारीवरून हिशोब मांडला, की लहानपणी घातलेला पैसा समाजाला कितीतरी पटीने परत मिळतो. या प्रयोगातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की तिथे शिक्षक प्रशिक्षित आणि सरकारी शाळेच्या वेतनावरचे होते, एकेका शिक्षकाकडे मुलं मोजकी होती, आणि ते दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन आईबरोबर बसत. वर्कबुकांनी हे घडलं नाही. ताईने घडवलं.

कायद्याकडे वळते. आपली घटना लिहिली गेली तेव्हा ४५व्या कलमात चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचं ध्येय होतं. खालची वयोमर्यादा त्यात नव्हती. १९९३मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क मानला, तेव्हाही सहा वर्षांखालचं मूल वगळलेलं नव्हतं. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने हक्क २१-अ कलमात आला, पण सहा ते चौदा वर्षांपुरता. सहा वर्षांखालच्यांसाठी ४५व्या कलमात ‘राज्य प्रयत्न करील’ एवढं आश्वासन उरलं. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या ११व्या कलमातही तीन ते सहा वयासाठी सरकार ‘व्यवस्था करू शकेल’ असंच म्हटलं आहे. ज्या वयात मूल सगळ्यात जास्त आणि सगळ्यात वेगाने शिकतं, नेमक्या त्याच वयात त्याला हक्क नाही. नव्या धोरणाने २०३०पर्यंत हे शिक्षण सगळ्यांपर्यंत नेण्याचं ठरवलं आहे. हक्काशिवाय ते कसं होणार? हक्क असला की आईबाप जाब विचारू शकतात. आज ते फक्त फी भरू शकतात, नाहीतर गप्प बसू शकतात.

आणि आता खोलीचा प्रश्न, कारण मुंबईत प्रत्येक गोष्ट शेवटी जागेपाशी येते. केंद्राच्या २०१३च्या बालशिक्षण धोरणाच्या निकषांप्रमाणे तीस मुलांसाठी ३५ चौरस मीटरची खोली आणि बाहेर ३० चौरस मीटर मोकळी जागा हवी. खोली म्हणजे साधारण पावणेचारशे चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या (एसआरए) आजच्या तीनशे चौरस फुटांच्या घरापेक्षा थोडीशी मोठी. एवढी जागा उपनगरांत नाही, हे मला कुणी सांगू नये. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली इथे गल्लीगल्लीत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. सोसायटीच्या व्यायामशाळेला बांधकाम नियमांत सवलत मिळते. पोडियमवर गाड्यांचे मजलेच्या मजले उभे राहतात. शेकडो कुटुंबं राहणार असलेल्या इमारतीत त्याच कुटुंबांच्या लहान मुलांसाठी तळमजल्यावर एक खोली ठेवावी, असा आग्रह का धरला जाऊ नये?

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत तर बालवाडीसाठी जागा ठेवण्याची तरतूद नियमांतच आहे. ती जागा पुनर्वसनाच्या क्षेत्रात मोजली जाते, म्हणजे तिच्या बदल्यात विकासकाला विक्रीचं बांधकामही मिळतं. समाजाने तिची किंमत आधीच चुकवलेली आहे. तरी माझ्या ओळखीच्या कुटुंबांना भेटायला मी अशा इमारतींत जाते तेव्हा बालवाडीच्या खोलीला कुलूप दिसतं, कुठे आत जुन्या टाक्या आणि पाइप भरलेले, कुठे कुणाचं कार्यालय थाटलेलं. त्याच मजल्यावर दारं लावून घेतलेल्या घरांत मुलं मोबाइल बघत बसलेली असतात, कारण चाळीतला ओटा गेला, शेजारच्या आजीचं उघडं दार गेलं आणि लिफ्टने एकट्याने खाली उतरायची त्यांना मनाई आहे. डोंगरावरच्या पत्र्याच्या घरातून ही कुटुंबं पक्क्या घरात आली, याचा मला फार आनंद आहे. मुलांना मात्र पूर्वी जी एक सतरंजी मिळत होती तीही जाऊ नये.

टॉवरमधलं मूल आणि वस्तीतलं मूल यांच्यात पैशाचं अंतर मोठं आहे. पण बरोबरीची मुलं आणि हातपाय हलवायला जागा या बाबतीत दोघंही सारखीच गरीब झाली आहेत. माझ्या नातीलाही राजमा-चवळी निवडायला, पाणी सांडायला, भांडून समेट करायला जागा हवी आहे. म्हणून ही मागणी गरिबांसाठीची कल्याणकारी योजना म्हणून मांडू नये. ही आपल्या सगळ्यांच्या मुलांची गरज आहे, आणि दोन्ही प्रकारची मुलं एकाच खोलीत आली तर त्याहून चांगलं काहीच नाही.

पैशाचं कारण पुढे केलं जाईल. मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. त्यात बालवाडीच्या ताईला कायम नोकरी आणि शिक्षिकेचा पगार बसत नाही, हे मी मानायला तयार नाही. पटसंख्या घटल्याने महापालिकेच्या मराठी शाळांतले कितीतरी वर्ग रिकामे आहेत. तळमजल्यावरचे असे वर्ग बालवाडीला दिले, तर त्या शाळांना पुढची मुलंही मिळतील. तिसऱ्या वर्षी ज्या इमारतीशी मुलाची गट्टी जमते, तिथून सहाव्या वर्षी त्याला हलवावंसं आईबापांनाही वाटत नाही.

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या आहेत. महापालिकेने आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने घाटकोपरच्या एन, मुलुंडच्या टी, अंधेरीच्या के पूर्व आणि के पश्चिम, बोरिवलीच्या आर मध्य या विभागांपासून सुरुवात करून प्रत्येक पुनर्वसन इमारतीतल्या बालवाडीच्या खोलीची पाहणी करावी आणि यादी लोकांसमोर ठेवावी: खोली कुठे आहे, तिचा वापर कशासाठी होतो, किल्ली कुणाकडे आहे. बंद खोल्या उघडाव्यात. नव्या पुनर्विकासात ठरावीक संख्येपेक्षा जास्त घरं असतील तर तळमजल्यावर बालवाडीची खोली आणि तिच्यासमोर थोडी मोकळी जागा सक्तीची करावी. व्यायामशाळेला जशी सवलत मिळते तशी तिलाही मिळावी. बालवाडी आणि अंगणवाडीच्या ताईला शिक्षिका म्हणून नेमावं, तिचं प्रशिक्षण आणि वेतन त्या नावाला साजेसं असावं, वजनं-नोंदी-सर्वेक्षणांसाठी दुसरं माणूस द्यावं. खासगी नर्सरींची नोंदणी आणि तपासणी करताना फरशा आणि कॅमेरे मोजण्याऐवजी मुलांना धावायला जागा आहे का, एका शिक्षिकेकडे किती मुलं आहेत, तीन वर्षांच्या मुलाला लिहायला लावलं जातं का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. आणि राज्याच्या खासदार-आमदारांनी शिक्षण हक्काची सुरुवात सहाऐवजी तीन वर्षांपासून व्हावी यासाठी आवाज उठवावा.

वाचकांनाही एक सांगणं आहे. तुमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर जादा चटई क्षेत्र, कॉर्पस आणि पार्किंग यांवर चर्चा होईलच. त्याच सभेत बालवाडीच्या खोलीचा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या, म्हणजे नकाशा मंजुरीला जाण्याआधी वास्तुविशारदाला ती दाखवावी लागेल. एसआरएच्या इमारतीत राहत असाल तर बालवाडीच्या खोलीची किल्ली सोसायटीकडे मागा. ती खोली तुमच्या मुलांच्या नावाने मंजूर झालेली आहे. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा, की या प्रभागात तीन वर्षांच्या मुलाने चालत कुठे जायचं आणि तिथल्या ताईला पगार किती. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा. आज तीन वर्षांचं असलेलं मूल पुढच्या निवडणुकीपर्यंत तिसरीत गेलेलं असेल. त्याच्याकडे थांबायला वेळ नाही.